पदरात गुंडाळलेले हात

गुरुवारी पत्नी वारली. संधिवाताने वाकलेल्या माझ्या बोटांची कामं तीच करायची. आता ती कामं मला जमली नाहीत, तर राहुरीचं घर बंद करून बहिणीकडे जावं लागणार होतं. म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाई शिकवायला येऊ लागल्या.

सांत्वनाचं त्या काही बोलल्या नाहीत. तांब्या दोन्ही तळव्यांनी उचलायला लावत. एकदा सदऱ्याचं बटण लागेना.

"तेवढं लावून द्या," मी म्हणालो.

"वहिनींनी लई लाडावलं तुमाला, मास्तर. लावा सावकाश. मला घाई न्हाई."

मला राग आला. वर पाहिलं, तर बटणाकडे पुढे होऊ पाहणारे आपले हात त्यांनी पदरात घट्ट गुंडाळून धरले होते. मी गोंधळलो. बटण लागलं, तशा त्या निघून गेल्या.

मी राहुरीतच राहतो, एकटा. त्यांच्याविषयी काय वाटतं, ते मला अजून सांगता येत नाही.