पाहुण्यांनी येताना ड्रम आणावेत

माझ्या मुलीचं जमत आलेलं लग्न मी एका अंगठ्यानं मोडत आणलं होतं. (मी अंगठाबहाद्दर नाही, चांगला बी.कॉम. आहे. पण मोबाईलवर लिहायला शेवटी अंगठाच लागतो.)

त्या दुष्काळाच्या वर्षी आम्ही बीड बायपासच्या पलीकडं नव्या कॉलनीत राहायला गेलो होतो. कॉलनीचं नाव सरोवर पार्क. तिथं सरोवर नव्हतं, पार्क नव्हता आणि नळही नव्हता! शहर इतक्या जोरात पळत सुटलं होतं की पाण्याचा पाईप मागं कुठंतरी धापा टाकत बसला होता. बोअरची मोटर चालू केली की पाण्याऐवजी फुफाटा उडायचा आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला काढावे लागायचे. कशानं धुणार, हा प्रश्न वेगळा! सगळी भिस्त टँकरवर, आणि टँकरचा सेक्रेटरी मी. (निवडणूक वगैरे झाली नव्हती. मीटिंगला मी उशिरा पोचलो, एवढंच.)

सेक्रेटरीचं काम एकच. रोज संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा. रोज तोच मेसेज, तेच शब्द. माझ्या फोननं तो मेसेज शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ केला. मी 'उद्या' लिहिलं की तो पुढचा शब्द आपणहून दाखवायचा. त्यावर अंगठा ठेवला की त्याच्या पुढचा. मी नुसता टकटक करत जायचो, की मेसेज तयार! चष्मासुद्धा लागायचा नाही.

पण पुढं पुढं फोनला टँकरशिवाय काही सुचेना. साडूला वाढदिवसाच्या 'हार्दिक टँकर' गेल्या. साहेबांकडं मी तब्येतीची रजा मागितली, तर 'आजारी असल्यामुळे आज टँकर येणार नाही' असं पोचलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर विचारलं, "काय हो, टँकरचा ताप उतरला का?"

अशात आमच्या स्नेहलचं जमलं. मुलगा तिनंच पसंत केला होता. अमोल, वाळूजला तिच्याच कंपनीत, गाव देवगाव रंगारी. आता फक्त वडीलधाऱ्यांची बैठक बाकी होती.

"पप्पा," स्नेहलनं मला बजावलं, "त्यांच्याकडची माणसं मानाला लई कडक आहेत. मागं एका ठिकाणी चहा बशीत सांडला म्हणून उठून आली होती! तुम्ही काही बोलू नका. फक्त हसा."

मी शब्द पाळला. मी काहीच बोललो नाही. मी लिहिलं!

आदल्या संध्याकाळी अमोलच्या वडिलांचा, भाऊसाहेबांचा, मेसेज आला : 'उद्या किती वाजता यावं?' मी गच्चीवर टाकीत वाकून तळ बघत होतो. चष्मा खाली घरात. 'उद्या सकाळी अकरापर्यंत या, जेवायलाच या' एवढंच लिहायचं होतं. टकटक टकटक केलं, पाठवलं आणि पुन्हा टाकीत डोकं घातलं.

सकाळी बायको पुरणाला चटका देत होती. "जेवायला सांगितलंत ना नीट?"

"नीट म्हणजे? वाच की!"

तिनं फोन घेतला आणि पळी हातात तशीच धरून मोठ्यानं वाचलं : 'उद्या सकाळी अकरापर्यंत या. येताना रिकामे ड्रम आणावेत. एका घराला दोनच. लाईनीत उभं राहावं. भांडण केल्यास पाणी मिळणार नाही. हुकुमावरून, सेक्रेटरी.'

खाली भाऊसाहेबांचं उत्तर होतं. 'बरं.'

"अगं, बरं म्हणालेत की!" मी म्हणालो.

"'बरं' म्हणजे बरं नव्हे!" ती कडाडली. "अहो, होणाऱ्या व्याह्यांना धमकी दिलीत तुम्ही!"

"मी नाही, फोननं दिली."

"अंगठा कुणाचा व्हता?"

ही संभाजीनगरची असूनही चिडली की बोलण्यातलं तिचं माहेर पैठणच्याही पलीकडं सरकतं. तेवढ्यात स्नेहल आली. तिनं मेसेज वाचला. "पप्पा, ते आता येणारच नाहीत," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. (त्या वर्षी अख्ख्या कॉलनीत पाणी दिसलं ते तिथंच. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.)

भाऊसाहेबांना फोन लावला, तर ते कव्हरेजच्या बाहेर. अमोलला लावला, तोही बाहेर. फोन ठेवतो न ठेवतो तोच टँकरवाल्याचा फोन.

"साहब, आज नै होता. मोटर कुएँ में बैठ गई."

"अरे, निकालो ना उसको!"

"निकालने को आदमी उतऱ्या, वो भी बैठ गया. चाय मँगा रहा."

आज टँकर नाही, हे कॉलनीला कळवणं भाग होतं. मी 'आज' एवढं लिहिलं असेल नसेल, बायकोनं फोन हिसकावला आणि गव्हाच्या कोठीत खोल गाडला. "आता एक अक्षर नाही! इस्त्रीचा शर्ट घाला आन् गप बसा!"

मी शर्ट घालायला गेलो. इकडं कॉलनीला कोण सांगणार? रोजच्या वेळेला सगळं सरोवर पार्क रिकामी भांडी घेऊन गेटवर हजर! सगळ्यात पुढं आमचे शेजारी कुलकर्णी काका. हे ट्रेझरीतून रिटायर झालेले, आणि लाईन लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अशा मुहूर्तावर गेटसमोर एक जीप येऊन थांबली, आणि तिच्या मागं एक पिकअप. पिकअपमध्ये निळे ड्रम!

मी बटणं लावत गेटवर पोचलो तेव्हा काकांचा आवाज दुमदुमत होता. "बाहेरच्यांनी मधी घुसायचं नाही! ओ फेटेवाले, तुम्हालाच सांगतोय! लाईन तिकडून आहे!"

ते फेटेवाले म्हणजे भाऊसाहेब! आणि पाहतो तर काय, माझे होणारे व्याही, त्यांचे तिन्ही भाऊ आणि खुद्द नवरदेव, मुकाट्यानं ड्रमांची पिकअप मागं लावून सगळ्यात शेवटी लाईनीत उभे राहत होते.

धावत जाऊन मी हात जोडले. "भाऊसाहेब, अहो, तुम्ही लाईनीत?"

"तुम्हीच लिवलं व्हतं ना, लाईनीत उभं राहावं म्हणून?" भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले. "आम्हाला वाटलं, शहरात आता अशीच रीत निघाली असंल. एका घराला दोन म्हणलात, आम्ही चौघं भाऊ वेगळे राहतो, म्हणून आठ आणले."

"आन् भांडण केल्यास पाणी नाय म्हणलात," धाकटा भाऊ म्हणाला, "म्हणून देवगावपासून इथवर चौघं भांडलो नाय. पैल्यांदाच!"

काका तरातरा आले. "आठ? एवढ्या पाण्यात आमची गल्ली..." असं म्हणत त्यांनी हातातली काठी ड्रमवर हाणली. रिकामा ड्रम कसा, ढोलासारखा वाजतो. हा नुसता 'धप्' म्हणाला.

"भरलेला आहे!" काका पुटपुटले. भरलेला ड्रम घेऊन पाण्याच्या लाईनीत उभा राहिलेला माणूस आमच्या कॉलनीनं जन्मात पाहिला नव्हता!

जीपमधून भाऊसाहेबांची थोरली बहीण उतरली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर अशी की माझा इस्त्रीचा शर्ट आपोआप चुरगळला. तिला सगळे आत्याबाई म्हणत.

"मेसेज कुणी धाडला?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"शुभ कामाला निघताना रिकामी घागर आडवी आली तरी माणूस माघारी फिरतो. आन् तुम्ही रिकामे ड्रम घेऊन या म्हणता, व्हय? मी ह्यांना म्हणलं, भरा! आपल्या हिरीला अजून वंजळभर हाय. सोयरिकीला भरल्या भांड्यानं जायचं."

तेव्हा कुठं माझं ध्यान गेलं. प्रत्येक ड्रमला हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती!

आता त्या पाण्याचं करायचं काय? आत्याबाईंनी लाईनीवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "लेकरंबाळं तहानेली दिसत्यात. वाटा." मग काय! अमोल पिकअपवर चढला, त्यानं पाईप तोंडात धरून पाणी ओढलं, आणि पाईपाचं दुसरं टोक स्नेहलनं धरलं. एक कळशी भरली की अंगठ्यानं पाईप दाबायची, दुसरी कळशी आली की सोडायची. कुलकर्णी काका "दोनच! दोनच!" ओरडत होते आणि स्वतः तिसऱ्यांदा उभे होते.

आत्याबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. शेवटी भाऊसाहेबांकडं वळून म्हणाल्या, "आठ ड्रम वाटले, पोरीनं थेंब सांडला नाय. आता बैठक कशाला बसवता? नारळ काढा!"

माझा जीव भांड्यात पडला. (भांड्यांना त्या दिवशी गेटवर तोटा नव्हता.) पुरणपोळीच्या पंगतीला निम्मी कॉलनी आमच्याच घरात होती. फोन तिसऱ्या दिवशी दळणात सापडला. गिरणीवाला म्हणाला, "काका, गहू वाजतोय!"

लग्न थाटात झालं, आणि अंगठा म्हणून असावा तर लेकीचा, हे सगळ्यांनी मान्य केलं. माझ्या अंगठ्याचं नाव मात्र देवगावात कायमचं झालं. आजही तिथं पंगतीला बसलो की पुरण येतं, तूप येतं, कढी येते. पाणी तेवढं येत नाही. मला ठसका लागतो. तांब्या हातात घेऊन आत्याबाई समोर उभ्याच असतात.

"आधी म्हणा, शेक्रेटरी, 'भांडण करणार नाय!'"

मी डावा हात वर करून म्हणतो. मगच पाणी मिळतं.