आठवड्याचा व्यायाम एका दमात

कटिंग मास्तरांना सगळ्यात जास्त शिसारी यायची ती मलमाच्या वासाची. अंथरुणाला, शर्टाला, बायकोच्या हातांना, एवढंच काय, सकाळच्या चहालाही तोच वास. सहा वर्षं कंबर दुखत होती आणि सहा वर्षं लोक फुकटचे सल्ले देत होते. शेजारी म्हणाला, फळीवर झोपा. साडू म्हणाला, वाकूच नका. त्यांच्याच कारखान्यात हाताखाली काम करणारा मेहुणा तर एक्स-रे उजेडात धरून छातीठोक सांगायचा, "दाजी, मणक्यात गॅप आहे. आता जपायचं." सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. मास्तरांनी ऐकलं मात्र सगळ्यांचं. रुंद पट्टा आवळून ते इतके जपायला लागले की चपलासुद्धा बायकोने पायात सरकवायच्या. तेव्हा त्यांना स्वतःचीच किळस यायची.

सव्वीस वर्षं ते शाळांच्या गणवेशांचं कापड कापत होते. टेबलावर साठ थर अंथरायचे, खडूने आखायचे आणि मशीन चालवून अख्खा लॉट एका दमात कापायचा. मधे थांबतो तो मास्तर कसला, असं तेच इतरांना सुनवत. आता अर्ध्यातच कंबर धरून बसायची वेळ यायची, म्हणून मालकांनी सांगून टाकलं होतं, महिनाअखेरीला पूर्ण लॉट कापून दाखवा, नाहीतर शिवलेल्या कपड्यांचे सुटे धागे तोडायला बसा. मशीन मेहुणा घेईल.

दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने एक्स-रे बघून बाजूला ठेवला.

"काका, असा गॅप तुमच्या वयाच्या कितीतरी लोकांत निघतो. त्यांचं दुखतही नाही. केस पिकतात तसे मणकेही पिकतात."

"मग माझं का दुखतं?"

"सहा वर्षं कंबर नीट हलवलीच नाहीत. आखडलीय ती. दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय, असं नाही."

तिने तीन व्यायाम दिले. "प्रत्येक प्रकार रोज दहा वेळा. बरं वाटलं तरी दहाच. आणि थोडं चालायचं." सोबत एक कागद. त्यावर व्यायाम करता करता हसणारा माणूस. मास्तरांना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

रोज दहा हा त्यांना पोरखेळ वाटला. सात दिवसांचे सत्तर होतात, तर ते एकदाच उरकावेत. रविवारी सकाळी त्यांनी सतरंजी अंथरली आणि लॉट कापावा तसे तिन्ही प्रकार सत्तर-सत्तर वेळा केले.

"अहो, आठवड्याचं पाणीही आजच पिऊन टाकता का?" बायको दारातून म्हणाली.

"तू मोज."

सोमवारी ते उठलेच नाहीत. मंगळवारी भिंत धरत संडासापर्यंत गेले.

फिजिओथेरपिस्टला सगळं सांगताना त्यांनी धागे तोडायची धमकीही सांगितली. ती हसली नाही. "कामावरही हेच करत असणार तुम्ही. पंधरा मिनिटं कापा, मग टेबलाभोवती दोन फेऱ्या मारा, मग पुन्हा कापा."

"मधे थांबू? तेवढं सांगू नका."

"मग धागे तोडा."

पोरीला ना शरम ना भीड. पण पुढचे तीन आठवडे मास्तर तोंड वाकडं करून रोज दहाच करत राहिले. दुखणं गेलं नाही. चपला मात्र ते आपल्या आपण घालू लागले. घामाने काळा पडलेला पट्टा बायकोने चिमटीत धरून कचऱ्यात टाकला.

महिनाअखेरीला साठ थर अंथरले. मालक बाजूला उभे. मास्तरांनी थरांना घट्ट चिमटे लावले आणि कापायला घेतलं. पंधरा मिनिटांनी मशीन बंद केलं आणि ते टेबलाभोवती चालू लागले. कुणीतरी फिसकन हसलं.

"दाजी, बागेत आलात का?" मेहुणा म्हणाला.

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कंबरेपेक्षा हे जास्त झोंबत होतं. तरी ते आणखी दोनदा थांबले, दोनदा फिरले. लॉट पूर्ण झाला. मालकांनी सगळ्यात खालच्या थराची कॉलर वरच्या कॉलरवर ठेवून पाहिली. काठाला काठ बसला.

"वेळ फार लागला," मालक म्हणाले.

"लागणारच. उद्याही लागेल."

मालकांनी नाक मुरडलं आणि मेहुण्याला दुसऱ्या लॉटचे थर अंथरायला सांगितलं. "कापणार मास्तरच," ते जाता जाता म्हणाले.

कंबर ठणकत होती. मास्तरांनी खडू खिशात टाकला आणि ते सगळ्यांदेखत, कडू औषध प्यायल्यासारखा चेहरा करून, पुन्हा फेरी मारायला निघाले.