आंटींच्या मामाचं गाणं

आमच्या स्टुडिओत लोक येतात, फिल्मच्या आवाजाचं काम करून घेतात आणि जातात. किस्से मात्र इथेच राहतात! त्यातही आंटींचे इतके साठलेत, की इथे जर्मनीत, कोलोनमधल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलो की पानं मांडतानाच फर्माईश होते, "आंटींचा सांग रे एखादा!"

आंटी म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजातल्या फिल्ममेकर. गातातही, लिहितातही. आमचा प्रोड्यूसर श्टेफान त्यांना पहिल्याच दिवशी नावाने हाक मारायला लागला. मी आपला सवयीने "आंटी" म्हणालो. त्या श्टेफानकडे वळल्या, "बघ! याला आईने वळण लावलंय." त्यांच्याकडेही मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत. तेव्हापासून पन्नाशीचा श्टेफानही गपचूप आंटीच म्हणतो!

* * *

स्टुडिओत पाऊल टाकायच्या आधी त्यांचा प्रश्न, "नदी कुठेय?"

गेलो ऱ्हाइनवर. हाडं गोठवणारी थंडी. बाई खाली वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं, काहीतरी पुटपुटल्या आणि पाणी परत सोडलं. श्टेफानला टेन्शन! "आल्झो... म्हणजे, इथे काही शूट करायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते."

"तीच घेतेय," आंटी म्हणाल्या.

* * *

एकदा त्यांच्या पुस्तकाचं वाचन होतं. एक गृहस्थ उठले आणि आंटींच्याच लोकांबद्दल आंटींनाच बराच वेळ समजावत बसले. शेवटी आंटींनी विचारलं,

"तुम्ही आमच्याकडे कधी आला होतात?"

"नाही, पण खूप वाचलंय."

"वा! मला तर जर्मनीत येऊन दोन आठवडे झाले. तुमच्यावरचं पुस्तक पुढच्या महिन्यात काढते!"

* * *

फिल्मचं गिटार त्यांनी स्वतःच वाजवलं. स्क्रीनवर त्यांच्या गावचा रस्ता, आणि या स्क्रीनकडे पाठ करून! म्हटलं, "आंटी, निदान बघा तरी."

"बघायचं काय? माझ्या घरची वाट आहे ती."

नंतर मी चित्राशी जुळवून बघितलं. माणूस वळतो तिथे सूर वळतो, गाडी थांबते तिथे सूर थांबतो. इतकी वर्षं हेच काम करतोय, पण असं कधी बघितलं नव्हतं.

* * *

फिल्मच्या शेवटी आंटींचे मामा गातात. त्या एका गाण्यासाठी सगळी फिल्म! आणि प्रीमियरच्या आठवड्यात तिकडून बातमी आली, मामा गेले.

त्यांच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, घरचे हो म्हणेपर्यंत त्याचा आवाज वाजवत नाहीत. हो म्हणायचा मान आंटींच्या आईचा, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीचा. आणि आई कुणाचाच फोन उचलेना.

"गाणं काढ," आंटी मला म्हणाल्या.

श्टेफान कळवळला. "आंटी, त्या गाण्याशिवाय तुमच्या फिल्मचं काय राहतं?"

"मला विचारतोस?" त्यांचा आवाज चिरकला. "तरी काढ."

मी गाण्याभर पडदा काळा केला आणि आवाज शून्यावर आणला.

प्रीमियरला हॉल भरलेला. श्टेफान हळूच म्हणाला, "आंटी, फोन बंद करा."

"आई फोन करेल."

फिल्म शेवटाला आली. पडदा काळा झाला. शांतता. कुणी खोकेना, कुणी हलेना. आणि त्या शांततेत फोन वाजला! जर्मनीत, भर थिएटरात! श्टेफानने डोकं हातात धरलं. आंटींनी फोन घेतला, क्षणभर ऐकलं आणि तडक स्टेजवर गेल्या. फोन स्पीकरवर टाकून माइकसमोर धरला.

तिकडे पहाट होती. म्हातारीचा खरखरीत आवाज हॉलभर घुमला, "त्याचा आवाज लावायचा नाही. पण गाणं आम्हा दोघांचं आहे. मी गाते."

आणि ती गायली. सगळं गाणं, अगदी शेवटपर्यंत. मला एक शब्द कळला नाही आणि माझे डोळे थांबेनात. शेजारी श्टेफान लहान पोरासारखा हुंदके देत होता. गाणं संपलं तरी टाळी वाजवायची कुणाची हिंमत होईना.

मग स्पीकरवर पुन्हा म्हातारी बोलली.

"गेलं का सगळ्यांना ऐकू?"

"हो, आई."

"मग ठेव फोन. आणि जेवून घे."