रेडिओवरची फिलोमिना

केपलिन टिकलमध्ये बुधवारी संध्याकाळी कोणाकडे जायची सोय नाही. न्यूफाउंडलंडच्या त्या टोकावरचं सगळं गाव तेव्हा बिंगोची कार्डं मांडून रेडिओला कान लावून बसलेलं असतं, आणि गावच्या हॉलमधून आकडे पुकारत असते फिलोमिना पॉवर. गावच्या अग्निशमन दलाचा बंब, पाइप, हेल्मेटं, सगळं या बिंगोच्या कार्डांच्या विक्रीवर चालतं. सरकारकडून मिळतो तो फक्त परवाना, आणि त्याच्यासोबत नियमांचं भलंमोठं बाड.

त्यातला एक नियम थेट फिलोमिनाच्या घरात शिरला होता. पुकारणाऱ्याच्या घरातल्या कोणीही खेळायचं नाही. तिचा नवरा अँब्रोज याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "बायको पुकारते म्हणून वाचलो, नाहीतर होडी विकून बसलो असतो," असं तो धक्क्यावर सांगत फिरायचा. दर आठवड्याला कार्डांचा रंग बदलतो. हा आपला मागच्या आठवड्याचं शिळं कार्ड पुढ्यात घेऊन, काही लागणार नाही हे माहीत असून, मन लावून आकडे खोडायचा.

मग त्याची स्मरणशक्ती जायला लागली. आधी जाळ्याच्या गाठी विसरला, मग मुलांची नावं, आणि एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन फिलोमिनाला म्हणाला, "बाई, तुमचे उपकार आहेत. पण माझी बायको येईल आता, तिला नाही आवडायचं तुम्ही इथे असलेलं."

"बरं, ती आली की जाते मी," फिलोमिना हसून म्हणाली, आणि मागच्या लाकडांच्या खोपटात जाऊन पोटभर रडली.

गंमत बघा, हाच माणूस बुधवारी रेडिओ लागला की ताठ बसायचा. सोबतीला आलेल्या शेजारच्या गर्टीला म्हणायचा, "गप गं, माझी फिल बोलतेय." आवाज तेवढा ओळखायचा. आठवडाभर जी त्याला भरवायची, बुटांच्या नाड्या बांधायची ती परकी, आणि डब्यातून येणारी ती बायको. असला अन्याय देवालाच सुचावा.

त्याच्या थरथरत्या बोटांना जमावं म्हणून फिलोमिना सावकाश पुकारायला लागली. "या चालीने ईस्टर उजाडेल," लोक कुरकुरले. दलाचा प्रमुख लिओ समोर बसून कार्डं तपासायचा, त्याने कानाडोळा केला. फिलोमिनाला काय हवं होतं ते तिने एकट्या गर्टीला सांगितलं होतं. "एकदा मला फिल म्हणून हाक मारावी त्याने. मग विसरला तरी चालेल."

गर्टी मनाची मऊ, आणि घात तिथेच झाला. मार्चमधल्या एका बुधवारी तिला त्या शिळ्या कार्डाची दया आली. आपल्या दोन ताज्या हिरव्या कार्डांतलं एक तिने अँब्रोजपुढे सरकवलं, आणि ती किटली ठेवायला उठली. बिंगो लागला की हॉलवर फोन करायचा, आणि तो नंबर फिलोमिना रेडिओवर सारखा सांगायची. अँब्रोजला तो पाठ होता.

हॉलमध्ये फोन वाजला. सगळ्या गावाला ऐकू जावं म्हणून तो नेहमी माईकपाशीच ठेवलेला असे.

"बोला, बिंगो हॉल."

"फिल? अगं, मला बिंगो लागला."

फिलोमिनाने हातातला आकडा खाली ठेवला.

"हिरवं कार्ड आहे. गर्टीने दिलं. फिल, तू आहेस कुठे? किती शोधतोय मी तुला. एक बाई येऊन राहिलीये इथे, चांगली आहे बिचारी, पण तू घरी ये ना गं."

लिओ मान खाली घालून बसला. माईक बंद करायचंही त्याला सुचलं नाही. फिलोमिनाला खूप काही बोलायचं होतं. पण अख्खं गाव ऐकत होतं, पुकारणारीच्याच घरात ताजं कार्ड निघालं होतं, आणि परवाना गेला तर बंब जाग्यावर राहिला असता. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

"हे कार्ड बाद आहे. खेळ पुढे चालू."

"फिल?" तो म्हणाला. तिने फोन ठेवला आणि पुढचा आकडा पुकारला.

मग ती पुकारतच राहिली. आकड्यांमागून आकडे गेले. दोघाचौघांना तरी बिंगो नक्की लागला होता, पण बराच वेळ फोन कोणी केला नाही.

ती घरी आली तेव्हा गर्टी दारातच डोळे पुसत उभी होती. फिलोमिनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती आत गेली. अँब्रोज कार्डापाशी बसला होता. तिला पाहून अदबीने उठला, खुर्ची पुढे केली.

"बसा बाई. आज बायकोला फोन केला होता मी."

"काय म्हणाली?"

"कार्ड बाद म्हणाली. फोनच ठेवून दिला." त्याने कार्ड बाजूला सारलं. "चिडलीये माझ्यावर. मी काय केलं कोण जाणे. तुम्ही ओळखता का तिला? भेटली तर सांगा, मला तो बिंगो नको. तू नुसती घरी ये, म्हणावं."

"सांगते," फिलोमिना म्हणाली, आणि अंगातला कोटही न काढता त्याच्या शेजारी बसली.