वन्संनी भरून घेतलेला अर्ज

आमच्या वन्संइतकी संशयी बाई शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत सापडायची नाही, आणि त्यांच्या संशयाचे जितके उपकार माणसांवर झाले तितके दुसऱ्या कुणाच्या विश्वासाचेही झाले नसतील. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. मुरबाडच्या एका बँकेत खाती उघडायच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. रोज शहापूरहून जीपने जाताना शेजारच्या अनोळखी माणसाचं नाव, गाव, वडिलांचं नाव त्या विचारून घेत, आणि आडनाव गावाशी जुळलं नाही तर त्याचं कारणही. माझं लग्न ठरताना त्यांनी माझा शाळेचा दाखला खिडकीच्या उजेडात धरून पाहिला होता. घरी सिलिंडर आणणारा माणूस वर्षानुवर्षं तोच, तरी एकदा त्याचं ओळखपत्र मागून त्या शांतपणे म्हणाल्या, "फोटो जुना झालाय, नवा काढून घ्या."

दोन वर्षांपूर्वी महिनाभराच्या रजेनंतर त्या कामावर आल्या, तेव्हा मधल्या काळात डोंगराकडच्या एका वाडीतल्या सहा बायकांची खाती उघडलेली दिसली. नवी खाती वाढली म्हणून मॅनेजर खूश. पण प्रत्येक खात्यात सकाळी कुठून कुठून लाखांनी पैसे यायचे आणि दुपारपर्यंत निघून जायचे. या बायका वीटभट्टीवर राबणाऱ्या. रविवारी वन्सं वाडीवर पोचल्या. सोमी नावाच्या बाईनं सांगितलं की एक साहेब योजनेचे पैसे मिळवून देतो म्हणाला, सगळ्यांना साड्या दिल्या, आणि पासबुकं, कार्डं घेऊन गेला. चोरीचा पैसा तुमच्या नावावरून फिरवून पांढरा करतात, पोलीस आले तर नाव तुमचंच निघेल, असं वन्संनी समजावलं. सोमीनं घाबरून विचारलं, "मंग आमाला जेल व्हईल का गो ताय? पोरांना कोन बगंल?"

सोमवारी वन्सं मॅनेजरसमोर त्या खात्यांवरच्या संशयाचा अहवाल घेऊन बसल्या आणि तो वरच्या कार्यालयात जाईपर्यंत उठल्या नाहीत. खाती थांबली. चारच दिवसांत पांढऱ्या शर्टातला एक माणूस तावातावाने आला. गरीब बायकांचे पैसे अडवता म्हणून वन्संना फैलावर घेऊ लागला. वन्संनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "खाती चालू करायची तर अर्ज लागेल. तुमच्या अक्षरात."

त्यानं अर्ज लिहिला. वन्संनी तो परत दिला, खातेदारांशी नातं काय ते लिहिलेलं नाही म्हणून. मग आधारची प्रत नाही म्हणून. मग पत्त्यात खोली नंबर नाही म्हणून. घाम पुसत बिचाऱ्यानं तोही घातला. आठवड्याभरात पोलिसांनी त्याला त्याच खोलीत धरलं, पिशवीभर पासबुकांसकट. त्याच्यामागची माणसंही एकेक करून सापडली. त्या खात्यांतला काही पैसा स्फोटकांसाठी जात होता, असं मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. आरोपीनं आपला ठावठिकाणा स्वतःच्या सहीनिशी दिल्याचं त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. सहाही बायका साक्षीदार ठरल्या. एकीवरही गुन्हा लागला नाही. त्या दिवशी वाडीवर ढोल वाजला. तेव्हापासून कुठलाही कागद आला की बायका तो आधी वन्संकडून वाचून घेत.

वन्सं मात्र घरी चकार शब्द बोलल्या नाहीत. बँकेतलं बँकेतच ठेवायचं, हा त्यांचा नेम. मला हे सारं कळलं ते सोमीकडून आणि बँकेतल्या शिपायाकडून.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणांत त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक झालं, त्या अर्जाचा उल्लेखही नाही. असले अहवाल उघड करायचे नसतात, हा बँकेचा नियमच. सहाही बायका रानातली करटुली घेऊन दाराशी उभ्या होत्या. वन्संनी त्यांना आत आणून पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. निघताना सोमीनं विचारलं, "आता आमचा कागद कोन वाचून दाखवंल गो ताय?"

वन्संनी तिचा हात हातात घेतला आणि आपल्या शहापूरच्या घराचा पत्ता तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.