अव्वाचा डावा हात

ऊन कलायला लागलं की अव्वाचा डावा हात आपोआप छातीपाशी यायचा. तळहात उघडा. त्यावर काहीच नसायचं, तरी अव्वा तिथं एकटक बघत राहायची. पंख्याच्या वाऱ्यावर तिचे पांढरे केस असे हलायचे, जणू तो वारा दुसऱ्याच कुठल्या गावाहून येतोय. लेकीचं नाव ती विसरली होती. "यारव्वा नी?" विचारायची. कोण गं तू? हात मात्र काही विसरला नव्हता.

लिंगायताच्या गळ्यात जन्मभर असणारं, पूजेला त्या हातावर घ्यायचं इष्टलिंग थोरल्या लेकानं, गुरप्पानं, दिवाळीतच तिच्या गळ्यातून काढून देवघरात ठेवलं होतं. "डायपरातल्या बाईच्या अंगावर देव? बरं दिसतं का?" अव्वाचं सगळं लेक, महानंदाच करायची. तरी तेव्हा तिनं भावाला अडवलं नाही.

सोलापुरातल्या एका कॉलेजात महानंदा धर्म आणि समाज शिकवायची. त्या दिवशी विषय होता बाईचं शरीर आणि विटाळ. वर्ग उन्हानं पेंगुळलेला.

"धर्म डोक्यात नंतर शिरतो," ती म्हणाली. "आधी अंगात. लहानपणी आईनं माझ्या तळहातावर लिंग ठेवलं आणि कोपर धरून हात वर केला. अर्थ पुष्कळ वर्षांनी पुस्तकात सापडला. आमच्यात अंगावर लिंग असलेल्या बाईला विटाळ नाही. पाळीत नाही, बाळंतपणात नाही."

पुढच्या बाकावरची मेहनाज म्हणाली, "मॅडम, आमच्या नानीला लघवीचं कळत नाही. नमाजाला बसवायचं का, यावरून घरात रोज भांडणं. तुमच्यात अशा म्हातारीचं काय करतात?"

"काही नाही. तिचं लिंग तिच्यापाशीच असतं. मरेपर्यंत."

बोलून गेली आणि खडू हातात तसाच राहिला. खिडकीबाहेरचा कडुलिंब उन्हात तरंगत होता. पुढं काय शिकवलं, तिला आठवेना.

घरी आल्यावर चप्पल काढून ती सरळ देवघरात गेली. इष्टलिंगाची चांदीची डबी उचलली.

"लई शिकवायलीस की आता घरात पण!" गुरप्पा पेपराआडून म्हणाला. "तिला काय कळतंय?"

"मला कळतंय, अण्णा. तिला रोज धुते मी. तू एकदा तरी हात लावलास का?"

पेपर आणखी वर सरकला.

तिनं अव्वाचा हात पुसला, तळहातावर लिंग ठेवलं. अव्वा बघत राहिली, विहिरीत वाकून बघावं तशी. मग मान वर केली.

"यारव्वा नी?"

"महानंदा. तुझी लेक."

ते नाव अव्वाच्या चेहऱ्यावरून नुसतंच वाहून गेलं. पण तिचं लक्ष महानंदाच्या मांडीवर पडलेल्या हाताकडं गेलं. उजव्या हातानं तिनं लेकीचं कोपर धरलं आणि हळूहळू वर उचललं, छातीपर्यंत.

"हिंगऽ," ती म्हणाली. असं.