श्रीनिवास देवणीकर यांचे निधन

समस्त रसिक वाचकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मराठवाड्याचे उगवते कथाकार श्रीनिवास देवणीकर यांचे नांदेड येथील एका छापखान्यात भरदुपारी निधन झाले. अंत्ययात्रा निघाली नाही. मारेकरी मीच.

हसा. मीही आता हसतो. तेव्हा हसत नव्हतो.

त्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, ओळीत बसवायचं. गाव देवणीकडं. दुष्काळ होता. आई खडी फोडत होती, आणि घर माझ्या पगारावर तगून होतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तिथल्या छापखान्यांना नव्या जिल्ह्याच्या सरकारी कागदांतून सवड नव्हती, म्हणून तिथले एक संपादक आपला दिवाळी अंक आमच्याकडं छापायला आले.

मी माझी गोष्ट त्यांच्यापुढं धरली. वर माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. त्यांनी पहिलं पान पाहिलं. पान कसलं, आडनाव पाहिलं.

"तू खिळे जुळवतोस ना?"

"हो साहेब."

"मग खिळेच जुळव. तुम्हा लोकांचं रडगाणं दिवाळीत कोण वाचणार?"

कागद हातात दिले नाहीत. वरून सोडले. माझी आपोआप ओंजळ झाली. गावात आमच्या बायांना विहिरीवर पाणी असंच मिळायचं. वरून. गोष्टही विहिरीपाशी ताटकळणाऱ्या माझ्या आईचीच होती. कागद ओंजळीत मावले नाहीत. छापखान्याचे मालक हसले. मी वाकून, संपादकांच्या पायांजवळची पानं वेचली.

वाकलो तिथंच देवणीकर जन्मला.

गोष्ट तीच. स्वल्पविरामही हलवला नाही. अक्षर देगलूरच्या मित्राचं, पत्ता त्याचाच. नाव तेवढं नवं. टाकली पोस्टात.

काही दिवसांनी संपादक आले ते नाचतच. त्यांनी स्वतः माझ्यापुढं कागद ठेवले.

"हे आधी घे. देवणीकर म्हणून नवा लेखक आहे. काय भाषा! मातीचा वास येतो."

मशीन चालवणाऱ्या चाँदचाचांना सगळं ठाऊक होतं. त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली. "पानी दो रे कोई," म्हणत, तोंडाला फडकं लावून ते बाहेर पळाले.

मी गोष्ट जुळवायला घेतली. आईचा रिकामा हंडा, तिची वर केलेली मान, सगळं शिशात उतरलं. शेवटी नावाची ओळ आली. 'श्री' उचलला. हात थांबला.

विहिरीपाशी ताटकळली ती माझी आई. देवणीकराची आई कधी ताटकळली?

'श्री' परत खणात टाकला. माझं नाव जुळवलं. बापाचं. आडनाव.

प्रूफ पाहून संपादक खेकसले, "हे काय? देवणीकर कुठंय?"

"हितंच हाय साहेब. मीच त्यो."

चाचांनी मशीन थांबवलं. संपादकांनी खुर्ची पुढं ओढली. आवाज एकदम गोड.

"हे बघ बाळा. गोष्ट उत्तम आहे. देवणीकरच राहू दे. पुढच्या वर्षीही छापीन, पुस्तक काढू. फक्त लातूरला अंकाच्या प्रकाशन समारंभाला यायचं नाही. अरे, मोठमोठे लेखक टोपणनावानं लिहितात!"

"ते हौसेनं लिवतात साहेब. मी भ्यालो म्हणून नाव बदललं व्हतं. आता न्हाई भीत."

मालक गुरकावले, "नोकरी जाईल बघ. या दुष्काळात कोण उभं करतंय तुला?"

खरं होतं. त्या घटकेला आईचे फोड आलेले तळहात डोळ्यांपुढं होते.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "नाव निघणार असंल तर गोष्ट बी निघंल."

आणि जुळवलेलं पान मी माझ्या हातानं मोडलं. एकेक खिळा आपापल्या खणात टाकत गेलो. टाकता टाकताच ठरवलं: आडनाव बघून जे परत येईल, ते पुन्हा त्याच आडनावानं पाठवायचं. पुढं कितीदा परत आलं! दर वेळी तसंच पाठवलं. अजून पाठवतो.

संपादक उठले. पायरीपर्यंत गेले आणि वळले. चेहरा पांढराफटक. राग नव्हता तो. दुसरंच काहीतरी होतं. स्वतःशी बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांच्या तोंडून निसटलं,

"अरे, पण ही गोष्ट मी आमच्या देवघरात बसून वाचली रे!"